परशरामाचे दोन भोवरे

ते साल दोन हजार एकवीस. मे महिन्यात टाळेबंदीनं दुकानांना कुलपं लागली आणि निपाणीजवळच्या त्या गावातले पुरुष केस वाढून ओळखू येईनासे झाले. सगळ्यांत वाईट अवस्था परशराम न्हाव्याची. न्हावी साऱ्या जगाची कापील, पण स्वतःची मागची बाजू त्याला काही कापता येत नाही. ती त्याचा मुलगा आदर्श कापायचा. आदर्श कोल्हापूरला सलूनमध्ये कामाला, आणि राज्याच्या हद्दीवरच्या कोगनोळीच्या नाक्यावरून कोरोनाचा रिपोर्ट नाही म्हणून परत फिरलेला. घरात धाकट्या लेकीचं, मंगलचं, लग्न उद्यावर.

म्हणून टोपी कानापर्यंत ओढून परशराम सुलाबाईच्या अंगणात आला.

सुलाबाई चौऱ्याहत्तरची. तिच्या लहानपणी परशरामाचा बाप गावच्या म्हशी भादरायचा, पण सुलाबाईच्या दलित वस्तीतल्या कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही. शेवटी तिच्या आप्पांनी एका धनगराकडून मेंढरं कातरायची कातर आणली आणि वस्तीची डोकी स्वतःच करू लागले. फणी धरता धरता सुलेचाही हात बसला. आधी भोवरा कुठं फिरतो ते बघायचं. केस बोटांत धरायचा, ओढायचा नाही. ओढून कापला की सोडल्यावर आखूड होतो. मुलगा दीपंकर बेळगावात प्राध्यापक झाला, तरी महिन्यातून एकदा आईपुढं मान खाली घालून बसायचाच.

"सुलाआक्का, मागनं तेवढं जरा..."

"तुझा बा आमच्या आप्पाला काय म्हणालता, ठावं हाय?"

"आयकून हाय, आक्का."

"कातर बाटंल म्हणालता. बाटली काय रं?"

"गंजलीय. दुकान बंद हाय न्हवं."

टाळेबंदीत गावी अडकलेली सून सुनयना दारातून म्हणाली, "आत्या, मागं एक टक्कल सोडा की. विहिणीस्नी दर्शन!"

सुलाबाईच्या मनात तेच होतं. बरोबर मागं, रुपयाएवढं. याला दिसणार नाही, पण उद्या मांडवात वाकला की सगळं वऱ्हाड बघेल. तिनं त्याला पालथ्या बादलीवर बसवलं, गळ्याला जुनी ओढणी गुंडाळली आणि टोपी काढली.

"अगं बया, दोन भोवरे! दोन लग्नं न्हाय केलीस?"

"एकीतच भागलं, आक्का."

दोन भोवऱ्यांच्या मधे कोंबड्यासारखा तुरा उभा होता.

"ही वाट कुणी लावली?"

"आदर्शनं, मागल्या बारीला. मशीन मारतंय."

"लाज न्हाय त्याला?"

सुलाबाई पेटली. एका भोवऱ्याचे केस डावीकडं वळवले, दुसऱ्याचे उजवीकडं, मधे केस केस मोजून उतार दिला. अर्ध्या तासानं तुरा झोपला. तेव्हा तिला टकलाची आठवण झाली. कातर उघडून तिनं ती बरोबर त्या जागेवर नेली. तिथं आता घासलेल्या भांड्यासारखं लख्ख काम झालं होतं. ते बिघडवायला हात पुढं जाईना. तिनं स्वतःच्या हाताला एक शिवी दिली आणि ओढणी झटकली.

"ऊठ."

परशरामानं मागं बोटं फिरवली. ती न्हाव्याची बोटं, त्यांना आरसा लागत नाही.

"आक्का, हे कुणाकडनं शिकलासा?"

"तुझ्या बाकडनं. त्यानं न्हाय म्हटलं, म्हणून शिकलो."

मांडवात व्याह्यांनी विचारलं, कुणी केलं हो डोकं? परशरामानं सगळ्यांसमोर नाव सांगितलं, वस्तीसकट. दोन-तीन म्हाताऱ्यांची तोंडं वाकडी झाली. ती तशीच राहिली.

मंगल चिकोडीला सुखात आहे. परशराम दोन वर्षं दर महिन्याला त्याच बादलीवर बसायला येत होता. तिसऱ्या वर्षी थंडीत वारला. आदर्शनं निपाणीत दुकान टाकलं, आणि दोन भोवऱ्यांचं गिऱ्हाईक आलं की अजून सुलाबाईला फोन लावतो. सुनयना त्या हुकलेल्या टकलावरून सासूला टोमणे मारते. सुलाबाईचा हात आता थरथरतो, म्हणून दीपंकर आदर्शकडं जातो. घरी आला की ती त्याला पाठमोरा उभा करते, चष्मा लावते आणि म्हणते, "शेरडानं खाल्ल्यागत दिसतंय."