ज्या दुपारी पोलिसांची वाहिनी बंद झाली

मित्रांनो, मला तोंड नाही, फक्त कान आहेत. मी स्कॅनर आहे आणि आता बराच म्हातारा झालो आहे. माझ्या डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे, अँटेना दोनदा बदलून झाली आहे आणि समोरच्या लाल आकड्यांपैकी एक आकडा कायमचा अर्धाच पेटतो. पोलीस, अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका वायरलेसवर जे बोलतात, ते हवेतून पकडायचे आणि घरात बसलेल्या माणसाला ऐकवायचे, एवढेच माझे काम. स्वतःचा एक शब्दही मला हवेत पाठवता येत नाही. पण जे ऐकले, ते आठवले की अजूनही मी थक्क होतो.

मला एमेट कुबिचेक यांनी आणले. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, मिसुरी नदीच्या काठावरचे ब्रॉकमन फेरी हे त्यांचे गाव. ते धान्याच्या ट्रकवर काम करत आणि आगीचा भोंगा वाजला की हातातले काम टाकून अग्निशमन दलाच्या गाडीवर चढत. त्या गावात आग विझवणारे सगळे असेच, आपले काम सांभाळून धावणारे. एमेट आगीवर गेले की त्यांची बायको लोरेटा फोन करून करून सगळ्यांना हैराण करी.

"हे घे," मला स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवत एमेट म्हणाले. "आता घरी बसून ऐक. लोकांचं डोकं खाऊ नकोस."

"म्हणजे तू माझं कधी ऐकणार नाहीस," लोरेटा म्हणाली, "मीच तुझं ऐकायचं."

दुसऱ्याच वर्षी गावच्या धान्यकोठाराला आग लागली. एमेट आत गेले आणि त्यांचा वायरलेसवरचा आवाज बंद झाला. जिथून सगळ्यांना वायरलेसवर सूचना जातात, त्या नियंत्रण कक्षात त्या आठवड्यात एक नवीन मुलगी लागली होती. तिचे नाव नदीन. ती अर्ध्या अर्ध्या मिनिटाने एकच वाक्य म्हणत राहिली, "एमेट, ऐकू येतंय का?" तिचा सूर एकदाही चढला नाही. लोरेटा बटाटे सोलत होती. घरातले होते नव्हते तेवढे सगळे बटाटे तिने सोलले. अकरा मिनिटांनी माझ्यातून खोकला ऐकू आला आणि मग एमेटचा आवाज आला, "येतंय, बाई, येतंय. मला बोलायला श्वास तर घेऊ दे."

लोरेटा खुर्चीवर बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मला प्रथम कळले की मी केवढ्या मोठ्या कामाला लागलो आहे.

पुढे कितीतरी वर्षांनी एमेट हृदयविकाराने गेले, पण लोरेटाने मला बंद केले नाही. ती शाळेची बस चालवायची. सकाळची फेरी आणि दुपारची फेरी यांच्या मधले तास ती माझ्याजवळ काढी. नदीनला तिने कधी पाहिले नव्हते, पण तिच्या आवाजावरून तिला सर्दी झालेली कळे, ती रजेवरून परतलेली कळे, वाईट बातमी सांगण्याआधी ती किंचित थांबते हेही कळे.

एका एप्रिल महिन्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, नदीन तशी किंचित थांबली. तिसऱ्या रस्त्याच्या फाटकाजवळ मालगाडी रुळांवरून घसरली होती आणि अमोनियाची एक टाकी फुटली होती. पांढरा विषारी ढग जमिनीलगत सरकत होता. वारा उत्तरेकडून दक्षिणेला वाहत होता. लोरेटाची बस रोज त्याच फाटकावरून जायची.

लोरेटा ॲप्रन न काढताच बसकडे धावली. मी फळीवर एकटाच उरलो आणि ऐकत राहिलो. पाऊण तासाने एक पोलीस म्हणाला, "पिवळी बस नदीच्या जुन्या रस्त्यानं उत्तरेला चाललीय, पोरांनी भरलेली. तिला कोणी सांगितलं?"

"मी नाही," नदीन म्हणाली. "ती ऐकत असेल."

एक्केचाळीस मुले त्या बसमध्ये होती. नदीन पाच तास जागेवरून हलली नाही. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कोणाकडे ट्रॅक्टर आहे, कोणाच्या तळघराला खिडकी नाही, हे सगळे तिला ठाऊक होते आणि ती एकेका माणसाला नावाने दाराबाहेर काढत होती. मित्रांनो, एक बाई खुर्चीवर बसून आख्खे गाव उचलून दुसरीकडे ठेवते, हे मी या कानांनी ऐकले आहे.

लोरेटाचे कौतुक झाले. शाळेने तिला फुले दिली. गावच्या साप्ताहिकाचे संपादक रॉस्को बीम माझा फोटो काढून घेऊन गेले. त्यांच्या कचेरीतही माझ्यासारखाच एक स्कॅनर होता. पोलिसांनी कुठे काय केले, ते गावाला पोलिसांनी सांगायच्या आधीच अशा यंत्रांवर ऐकू येई. आणि लोक ऐकत आहेत, हे पोलिसांनाही माहीत असे.

मग काळ बदलला. माझ्यासारख्या एका यंत्राचा आवाज कोणीतरी इंटरनेटवर टाकू लागले आणि तो जगात कुठेही, कोणाच्याही खिशातल्या फोनवर ऐकू येऊ लागला. आम्हाला वाटले, चांगलेच झाले, ऐकणारे वाढले. पण कोण ऐकते आहे, हे आता कोणालाच माहीत नव्हते.

त्यानंतर तीन वर्षांनी पोलीस प्रमुख ड्वेन हार्नॅक यांनी नगरपरिषदेपुढे ठराव मांडला, की पोलिसांची वाहिनी कूटबद्ध करावी. म्हणजे बोलणे कुलूपबंद होऊन हवेत जाणार आणि किल्ली फक्त पोलिसांच्या यंत्रांत असणार. माझ्यासारख्याला त्यातून नुसती खरखर मिळणार.

लोरेटाने विरोधात बोलायचे ठरवले. तिने दोन पाने लिहून काढली, मला पिशवीत घातले आणि वाचनालयाच्या सभागृहात गेली. टेबलावर माझ्या शेजारी आपला चष्मा ठेवून ती बसली.

"चोर आमचं बोलणं ऐकून पळतात," हार्नॅक म्हणाले. "माझी माणसं कुठे उभी आहेत हे सगळ्या जगाला कळतं. मी काही लपवायला निघालेलो नाही."

"मग उघडं राहू दे की," मागून कोणीतरी म्हणाले आणि लोक हसले.

मग करड्या केसांची एक ठेंगणी बाई माईकपाशी गेली. बोलण्याआधी ती किंचित थांबली. लोरेटाची मान झटकन वर झाली.

"मी नियंत्रण कक्षात काम करते," ती बाई म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी एक बाई नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून या गावात लपून राहिली होती. तिला बरं वाटेना म्हणून तिनं आम्हाला फोन केला. मी घराचा पत्ता वायरलेसवर सांगितला. सांगावाच लागतो. तिचा नवरा ऐंशी मैलांवर होता आणि फोनवर ऐकत होता. तो त्या घरी पोचला." ती परत थांबली. "ती वाचली. पण तिच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. पत्ता माझ्या तोंडून गेला. आता रोज कोणाचाही पत्ता सांगताना माझी जीभ अडखळते."

मीही त्या दिवशी तो पत्ता ऐकला होता, मित्रांनो. लोरेटाला ऐकवलाही होता. तोच पत्ता दुसरीकडे कोणाच्या कानावर पडत होता, हे मला कुठून कळणार?

लोरेटाची पाळी आली. ती कागद हातात घेऊन उठली आणि तिने ते घडी करून परत ठेवले.

"नदीन," ती म्हणाली, "मी लोरेटा. पिवळ्या बसवाली."

"मला वाटलंच होतं," नदीन म्हणाली.

"तुमचं खरं आहे. माझ्याकडे त्यावर उत्तर नाही." मग लोरेटा पोलीस प्रमुखांकडे वळली. "ड्वेन, तू सहा वर्षं माझ्या बसमध्ये मागच्या सीटवर बसायचास. तिथं काय चालायचं ते मला आरशात दिसायचं, म्हणून तू जरा बरा वागायचास. खोटं आहे का?"

हार्नॅक यांचे कान लाल झाले. "नाही," ते म्हणाले.

"तुझी माणसं चांगली आहेत. पुलाच्या कठड्यावर चढलेल्या माणसाशी त्यांनी दोन तास मासेमारीच्या गप्पा मारल्या आणि त्याला खाली आणलं, ते मी ऐकलंय. एकानं एका पोराला वायरलेसवर घाणेरडी शिवी दिली, तेही ऐकलंय. त्यानं दुसऱ्या आठवड्यात त्या पोराच्या आईची माफी मागितली, कारण आख्ख्या गावानं ऐकलं होतं. आता आरसा काढून टाकणार असाल तर काढा. पण त्याच्या जागी काय लावणार, तेवढं सांगा."

नगरपरिषदेने सरळ मतदान घेतले. पाच विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर झाला. अग्निशमन दल आणि रुग्णवाहिका उघड्या राहणार, पोलीस कुलपात जाणार.

एक जूनला दुपारी बारा वाजता वाहिनी बदलायची होती. लोरेटा माझ्यासमोर बसली होती. बाराला एक मिनिट कमी असताना नदीनचा आवाज आला. "सर्व गाड्यांना सूचना. एका मिनिटात नवी वाहिनी." मग ती म्हणाली, "आणि घरी जे ऐकत आहेत त्यांना. इतकी वर्षं तुम्ही माझ्या सोबत होतात. मी इथं कधी एकटी नव्हते. धन्यवाद."

मग खरखर सुरू झाली. लोरेटा बराच वेळ ती खरखर ऐकत बसली. पुढे पुढे ती मला फक्त आगीच्या भोंग्यापुरती लावू लागली आणि माझ्यावर पिठाची धूळ बसू लागली.

ऑक्टोबरमध्ये भरदिवसा, बाजारपेठेत, पोलिसांची गाडी मागे लागली म्हणून एक तरुण पळाला, पडला आणि त्याच्या मांडीचे हाड मोडले. पोलिसांनी दोन ओळींचे पत्रक काढले. रॉस्को बीम यांनी त्या वेळच्या वायरलेसवरच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण मागितले. तपास चालू आहे, असे उत्तर आले. हिवाळ्यात पुन्हा मागितले, पुन्हा तेच उत्तर.

फेब्रुवारीत आमच्या दारावर टकटक झाली. नदीन आली होती, हातात कोलाचेचा, म्हणजे जॅम भरलेल्या गोड पावांचा, डबा घेऊन. त्याच महिन्यात ती निवृत्त झाली होती.

"सभेत तुम्ही विचारलंत, आरशाच्या जागी काय," ती म्हणाली. "मला वाहिनी बंद हवी होती. तोंडं बंद नको होती. कागद काढा, आपण दोघी मिळून लिहू."

त्या दोघींनी माझ्यासमोर अर्ज लिहिला. एकीने वाहिनी बंद करा म्हटले होते आणि दुसरीने करू नका, म्हणून नगरपरिषदेला त्या अर्जाकडे पाठ फिरवता येईना. मे महिन्यात ठराव झाला. दर महिन्याला गावातल्या तीन माणसांनी बंद खोलीत बसून पोलिसांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे ऐकायची. कुठल्या दिवसाची, ते त्यांनीच ठरवायचे. लोकांची नावे आणि पत्ते बाहेर पडू द्यायचे नाहीत, बाकी जे ऐकले ते लिहून नगरपरिषदेला द्यायचे. हार्नॅक यांनी तोंड वाकडे केले, पण त्यांनी सहीही केली.

त्या पहिल्या तिघांत लोरेटा होती. तिने ऑक्टोबरचा तो दिवस निवडला. संध्याकाळी परत आली तेव्हा नदीन टेबलापाशी वाट पाहत होती.

"मांडीचं हाड मोडल्यावर रुग्णवाहिका बोलवायला त्यांनी नऊ मिनिटं लावली," लोरेटा म्हणाली.

"नऊ?"

"नऊ. आणि ती नऊ मिनिटं त्यांच्यातला एक जण रस्त्यावर बसून त्या पोराला धीर देत होता. तुझ्या आईचं नाव सांग, तुझ्या कुत्र्याचं नाव सांग. वायरलेसचं बटण दाबलेलं राहिलं होतं, त्याला माहीतही नव्हतं."

"काय लिहिलंत मग?"

"दोन्ही," लोरेटा म्हणाली. "दोन्ही लिहिलं."

मित्रांनो, मला आता पोलिसांचे ते बोलणे काही ऐकू येत नाही आणि त्याचे मला दुःख आहे. पण माझ्यासारखी यंत्रे जुनी होणारच. तुम्ही मात्र तुमचे कान जपा. जे तुमच्यासाठी रात्रंदिवस धावतात, त्यांचे बोलणे ऐकायची जागा तुमच्या गावात कुठे आहे ते शोधा. नसेल तर मागा. आणि जे ऐकाल त्यातले दुसऱ्याचे दुःख स्वतःजवळ ठेवून बाकीचे खरे खरे सांगा, चांगलेही आणि वाईटही.