लेटाच्या तबकडीतली स्टील गिटार

आमच्या टेनेसीतल्या डोंगरगावात शनिवारी सकाळी रेडिओवर गाण्याची नवी तबकडी लावतात आणि लोक फोन करून सांगतात, ठेवायची की फोडायची. फोडायची ठरली तर निवेदक खरोखर हातोडी घालतो. तो आवाज ऐकायलाच निम्मं गाव रेडिओ लावतं. त्या शनिवारी माझ्या लेकीच्या, लेटाच्या तबकडीची पाळी होती. बारा वर्षं शहरातली झगमगाटी गाणी लिहून-गाऊन ती पुन्हा आमच्या गावाकडच्या कंट्री गाण्यांकडे वळली होती, आणि मी हॉबर्ट न्हाव्याच्या खुर्चीत तोंडाला साबण लावून बसलो होतो.

ती शहरात गेली त्याआधी तिच्या गाण्यामागे स्टील गिटार, आडवी ठेवून वाजवतात ती, मीच वाजवायचो. ती निघाली तेव्हा रागाच्या भरात बोलून गेलो, "आजपासून हे कान स्टील ऐकणार नाहीत." वाद्याची पेटी पलंगाखाली सारली ती कायमची. ती परत कंट्री गाणार हे कळल्यावर मात्र मी रोज तिच्या फोनची वाट पाहिली. तिने बोलावलं नाही.

दुकानातल्या रेडिओवर गाणं संपलं. नुसता गळा आणि एक साधी गिटार. गोड, पण उघडंबोडकं.

"फोडा! शहरात डाळ शिजेना, तेव्हा गाव आठवलं," पहिली बाई कडाडली. "बापाच्या स्टीलवर किती दिवस जगणार?"

"ठेवा हो," दुसरा म्हणाला. "लेकरू घरी आलंय. आणि ती स्टील ऐकून माझी म्हातारी रडायला लागली."

तासभर असंच चाललं. लेटा खरी की ढोंगी यावर लोक हमरीतुमरीवर आले, पण स्टीलबद्दल सगळ्यांचं एकमत होतं.

हॉबर्टने वस्तरा थांबवला. "छुपा रुस्तम निघालास की, व्हर्जिल! तिसऱ्या ओळीला उशिरा यायची खोड काही गेली नाही तुझी."

"मी वाजवलेलं नाही."

"बरं! मग तुझ्या जुळ्या भावाने वाजवलं असेल."

घरी पोचलो तर माझी बायको ओपल डोळे पुसत फोनवर बोलत होती. तिने फोन माझ्या हातात दिला.

"वाचली तबकडी," मी म्हणालो.

"लोकांचं जाऊ दे, डॅडी. फेब्रुवारीत तू न सांगता स्टुडिओत आलास, वाजवलंस, एक शब्द न बोलता गेलास. पण जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवलास ना? त्याच्यावर तगून आहे मी."

फेब्रुवारीत बर्फाने आमचा रस्ता बंद होता. पण खरं सांगितलं असतं तर तिच्या डोक्यावरचा तो हात मीच काढून घेतला असता, आणि तेवढी माझी छाती झाली नाही.

"हो," मी म्हणालो.

"मग उद्या चर्चमध्ये माझ्याबरोबर वाजवशील?"

"वाजवीन, बाळा."

पेटी ओढून काढली. तिच्यावर बोटभर धूळ होती. स्टील विजेला जोडली, ध्वनिवर्धकाचा दिवा लागला, पोलादी कांडी तारांवरून सरकवली. बोटांखाली तारा थरथरल्या, खिडकीची काच थरथरली. माझ्या या कानांना मात्र फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मी घाबरून हात मागे घेतले.

स्वयंपाकघरात ओपल लेटाचं गाणं गुणगुणू लागली होती. तिसऱ्या ओळीपाशी ती थबकली, माझी स्टील उशिरा येईपर्यंत पूर्वी थांबायची तशी, आणि ती ऐकू आल्यासारखी हसून पुढे गाऊ लागली.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.