खळ लावलेला कान

शिगेझोच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली तेव्हा त्याने सगळ्या खोऱ्यात दोनच झाली असं सांगून पाहिलं. पण त्याची बायको तोमिए मीठ आणायला दुकानात गेली आणि सहज बोलता बोलता खरा आकडा सांगून आली. नवऱ्याचं खोटं दोन दिवस तरी टिकू द्यावं, एवढाही पोच तिला लग्नाला इतकी वर्षं होऊन आला नव्हता, असं शिगेझोचं म्हणणं. "मग खोटं बोलण्याआधी मला सांगत जा ना," हे तोमिएचं म्हणणं.

या लपवाछपवीचं कारण होता कानेमात्सु. जपानमधल्या कुमानोच्या डोंगरात शिकारी कुत्री पाळणाऱ्यांची जुनी रीत आहे. ज्याचा कुत्रा बाप, पिल्लांमधून पहिली निवड त्याची. पिल्लं आईपासून सुटायच्या बेताला आली की तो येतो, बघतो, आवडेल ते उचलतो. एकदा हातात उचललं की ते त्याचं झालं. घरच्यांनी हसतमुखाने चहा पाजायचा आणि निरोप द्यायचा. या खेपेचा बाप होता खालच्या वाडीतल्या कानेमात्सुचा गोरो.

शिगेझोला रीत अगदी मान्य होती. दुसऱ्यांच्या अंगणातली चांगली चांगली पिल्लं उचलून आणताना तर त्याने ती फारच मनापासून पाळली होती. पण या खेपेला गोष्ट वेगळी होती.

पिल्लं चांगली धावायला लागल्यावर एका सकाळी त्याने रानडुकराचं जुनं कातडं दोरीला बांधलं आणि अंगणातून सरसर ओढलं. धाकट्याने जागच्या जागी मुतून घराखाली धूम ठोकली. मधली, म्हणजे तिघांतली एकटी मादी, लांब जाऊन बसली आणि हा काय प्रकार आहे याचा विचार करत राहिली. थोरला मात्र चारी पाय रोवून कातड्यासमोर उभा राहिला, पाठीवरचे पांढरे केस ताठ केले आणि भुंकला. कातडं पुढे आलं तसा तो बाजूला झाला, पण मागे सरला नाही. शिगेझोच्या हातून दोरी गळून पडली. असं पिल्लू त्याने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, आणि त्या हायातेला, त्याच्या जुन्या शिकारी कुत्र्याला, जाऊन आता बरीच वर्षं झाली होती.

डुकराला जागीच अडवून धरणारा कुत्रा घडवायला तीन हिवाळे लागतात. शिगेझोची सत्तरी केव्हाच उलटली होती. डोंगर चढताना त्याचे गुडघे आता त्याच्याशी हुज्जत घालत. हा आपला शेवटचा कुत्रा, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणूनच तो त्याला हवा होता, एखाद्या हट्टी पोरासारखा हवा होता.

कानेमात्सुचा कच्चा दुवा त्याला ठाऊक होता. शिकारीत कानेमात्सु कुणाला हार जायचा नाही, पण त्याचा खरा जीव शरद ऋतूतल्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात. आणि प्रदर्शनात त्याचं सगळं लक्ष कानांकडे. कुत्र्याचा कान ताठ, जाड, किंचित पुढे झुकलेला हवा. तो जरा जरी लवला तरी कानेमात्सु ते कुत्रं दारात उभं करायचा नाही. आता थोरल्याचा डावा कान उभा झाला होता आणि उजवा अजून टोकाला दुमडलेला होता. शिगेझो रोज सकाळी उठून आधी तो कान बघायचा आणि मग तोंड धुवायचा. पण कान काही त्याचं ऐकेना. रोज थोडा थोडा वर येतच राहिला. कानेमात्सु यायच्या आदल्या दिवशी तर तो असा ताठ उभा राहिला की प्रदर्शनाच्या पत्रकावर छापावा.

त्या सकाळी तोमिएला भाताच्या भांड्यात एक खड्डा दिसला. ती मागच्या दारी आली तर लाकडाच्या खोपटात नवरा मांडी घालून बसलेला, फळीवर भात रगडून रगडून चिकट खळ केलेली, आणि मांडीत थोरला.

"काय चाललंय?"

"काही नाही. कागदी दार फाटलंय, ते चिकटवतोय."

"दाराला शेपूट कधीपासून आलं?"

शिगेझोने कानाचं टोक पुढे दुमडलं, केसांना केस चिकटवले आणि फुंकर मारली.

"अहो," तोमिए खाली बसत म्हणाली, "जगातले लोक कान उभा राहावा म्हणून चिकटवतात. कान पडावा म्हणून चिकटवणारे तुम्ही पहिलेच. आणि प्रदर्शनात कान तपासायला कुणाला बसवतात, सांगू का?"

सांगायची गरज नव्हती. शिगेझोलाच बसवायचे. नुसत्या अंगठ्याने चाचपून तो लबाडी ओळखायचा, असा त्याचा लौकिक होता. एकदा पलीकडच्या खोऱ्यातल्या एका गृहस्थाला त्याने चारचौघांत कुत्र्यासकट घरी पाठवलं होतं.

"ते प्रदर्शन होतं," शिगेझो म्हणाला. "हे घर आहे."

"हो का? मग घरातला माझा नाश्त्याचा भात परत करा."

खळ टिकवणं हे काही सोपं काम नव्हतं. धाकट्याला आणि मधलीला तिचा वास लागला, आणि दोघांनी मिळून थोरल्याचा कान चाटून साफ केला. शिगेझोने पुन्हा खळ केली, पुन्हा कान चिकटवला, आणि थोरल्याला एकट्याला खोपटात ठेवलं. त्याने तिथे एवढं रडगाणं लावलं की तोमिएने शेवटी त्याला स्वयंपाकघरात घेतलं आणि चुलीशी ऊबेत बसवलं. ऊबेने खळ चांगलीच वाळली. "तुमच्या पापात मी पण आलेच म्हणायची," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानेमात्सुचा छोटा पांढरा टेम्पो धापा टाकत वर आला. मागे संत्र्यांचं रिकामं खोकं, त्यात जुनी रजई. कानेमात्सु उतरला तो आधी कमरेवर हात ठेवून आकाशाकडे बघत उभा राहिला, कारण त्याची कमर सरळ व्हायला तेवढा वेळ लागत असे. हातात साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली होती.

"वहिनी, अजून नांदताय का या माणसाकडे?"

"कुत्री मला ओळखतात म्हणून राहिलेय, भावोजी."

ओसरीवर चहा झाला. मोहरीच्या पानांत गुंडाळलेले भाताचे मुटके झाले. मुटके आज जरा लहान आहेत, असं कानेमात्सु म्हणाला, तेव्हा तोमिएने नवऱ्याकडे पाहिलं आणि शिगेझोने डोंगराकडे. मग पिल्लं सोडली.

शिगेझोने मधलीची स्तुती सुरू केली. पायाची ठेवण बघ म्हणाला, छातीचा भरणा बघ म्हणाला, हिच्या डोळ्यांत जी अक्कल आहे ती तुझ्या गोरोच्या सात पिढ्यांत नव्हती म्हणाला. कानेमात्सुने मधलीला न उचलता, बसल्या बसल्याच तिच्या पायांवरून हात फिरवला, दात पाहिले, शेपटी पाहिली, मान डोलावली. धाकट्याचंही तसंच पाहिलं. थोरल्याला मात्र त्याने हात लावला नाही. तो नुसता त्याच्या कानाकडे बघत राहिला.

"हा कान असाच?"

"असाच," शिगेझो म्हणाला. "आता काय उठतोय तो."

"अरेरे."

"नशीब एकेकाचं."

कानेमात्सुने चहाचा शेवटचा घोट घेतला, गुडघ्यावर हात रोवून उठला, अंगणात उतरला, आणि वाकून थोरल्याला उचललं.

शिगेझोच्या तोंडातला घास तोंडातच राहिला.

"हे नेतो," कानेमात्सु म्हणाला. "तोंड काय वासतोस? माझ्याकडे गोरो आहे, त्याच्या मागचा एक तयार होतोय. आजवर तुझ्याकडची चांगली चांगली पिल्लं मीच नेली. हायाते गेल्यापासून तुझ्यापाशी एक धड कुत्रा नाही, ते मला काय दिसत नाही? येताना ठरवूनच आलो होतो, शिगेझोला नको असेल तेच उचलायचं. हे पडक्या कानाचं बिचारं कोण नेणार? पडून राहील माझ्या अंगणात. तू त्या मादीला घडव. शेवटचा कुत्रा तरी चांगला असू दे तुला."

शेवटचा कुत्रा, हे शब्द त्याने सहज उच्चारले. शिगेझोने ते आजवर बायकोलाही बोलून दाखवले नव्हते.

रीतीप्रमाणे पिल्लू आता गेलं होतं. बोललं तरी गेलं होतं, न बोललं तरी गेलं होतं. निदान अब्रू तरी राहील, गप्प बस, असं शिगेझोला त्याचं मन सांगत होतं, आणि मन अगदी बरोबर सांगत होतं. दोन-तीन दिवसांत खळ सुटेल, कान उभा राहील, कानेमात्सु म्हणेल काय नवल झालं बघ. कुणाला काही कळणार नाही. पण समोर तो वाकड्या कमरेचा माणूस पडक्या कानाच्या पिल्लाला जाकिटात घेऊन त्याच्या डोक्यावर हनुवटी ठेवून उभा होता, आणि शिगेझोला स्वतःची एवढी लाज वाटली की त्याला तिथे उभं राहवेना.

तो आत गेला. ओला पंचा घेऊन बाहेर आला. त्याने कानेमात्सुच्या जाकिटातून बाहेर आलेला तो उजवा कान पंचात धरला आणि हळूहळू पुसत राहिला. खळ भिजली, सुटली. त्याने हात काढला, आणि कान टपकन उभा राहिला.

थोरल्याने मान झटकली आणि दोन्ही ताठ कानांनी सगळ्यांकडे पाहिलं.

"भात आहे," तोमिए हळूच म्हणाली. "माझा."

कानेमात्सुने कान बघितला, पंचा बघितला, मग शिगेझोकडे बघितलं. तो हसेल असं वाटलं होतं, पण तो हसला नाही.

"म्हणजे तुला वाटलं मी तुझ्याकडून हा हिसकावून नेईन."

"वाटलं."

"इतक्या वर्षांनी?"

"इतक्या वर्षांत तू नेहमी तेच केलंस," शिगेझो म्हणाला, आणि मग खाली बघून म्हणाला, "पण चुकलं माझं. कातड्यासमोर हा एकटा उभा राहिला रे कानेमात्सु. हायातेसारखा. मग मला काही सुचलंच नाही. ने तू. उचललास, तुझा झाला."

"झालाच," कानेमात्सु म्हणाला. त्याने पिल्लाला उलटंपालटं करून पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, छाती दाबून पाहिली, आणि जसजसं पाहत गेला तसतसा त्याचा चेहरा एखाद्या कंजुषासारखा होत गेला. चांगलं पिल्लू होतं. फारच चांगलं होतं. त्याने एक मोठा उसासा टाकला.

"माझा झाला ना? मग माझ्या कुत्र्याचं मी काय करायचं ते मी बघेन." आणि त्याने थोरल्याला जाकिटातून काढून शिगेझोच्या छातीशी दाबलं. "तू घडव. पहिलं डुक्कर अडवेल त्या दिवशी मला बोलवायचं. मला चढवत नसेल तर पाठुंगळी घेऊन जायचं. आणि त्याआधी मेलास तर कुत्रा मी परत नेणार. तेव्हा मरायचं नाही, समजलं?"

शिगेझोने मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलंही नाही, कारण दोन्ही हातांत पिल्लू होतं. मग त्याने तोमिएला नजरेने खुणावलं आणि तिने मधलीला उचलून संत्र्यांच्या खोक्यात नेऊन ठेवलं.

"रिकाम्या हाताने जायचं नाही, भावोजी."

"ही? हिची तर सकाळपासून आरती चाललीय. म्हणजे नक्की टाकाऊ असणार."

"कानाचं खोटं बोललो," शिगेझो म्हणाला. "हिच्याबद्दल बोललो ते खरं आहे. जरा विचार करते, पण चांगली आहे."

"आता तुझं खरं कसं ओळखायचं मी?"

कानेमात्सुने शिगेझोच्या खांद्यावरचा ओला पंचा काढून घेतला, खोक्यापाशी गेला आणि मधलीचे कान पुसायला लागला. आधी डावा, मग उजवा. मग शेपटी चोळली. मग एकेक पंजा. पोट पुसताना तिने त्याचा अंगठा चावला तरी थांबला नाही. आपल्या दारात, आपल्या बायकोदेखत आपल्या पिल्लाची अशी झडती चाललेली शिगेझो मुकाट्याने बघत उभा राहिला. आता यापुढे प्रत्येक कुत्र्याच्या वेळी हे असंच होणार, हे त्याला दिसत होतं.

"हिचं सगळं हिचंच आहे," कानेमात्सुने निकाल दिला. खोकं रजईने झाकलं. मग तो वळला, पंचा पिळला, आणि शिगेझोसमोर येऊन उभा राहिला.

"आता तू."

"काय मी?"

"कान दाखव. बघू दे, तुझे तरी खरे आहेत का."

तोमिएने हसू दाबायला कमरेचं कामाचं कापड पदरासारखं तोंडाला लावलं. शिगेझोने थोरल्याला नीट छातीशी धरलं, मान वाकवली, आणि डोळे मिटून आधी उजवा कान पुढे केला.