एक लाल चाचणी

“उठ, कीबोर्ड सोड. आता माझी पाळी,” माझी सहकारी उम्म सारी म्हणाली आणि मरमियाच्या पानांचा चहा माझ्या हातात कोंबून खुर्ची ओढून बसली.

अम्मानच्या कचेरीत आम्ही दोघं एकाच संगणकावर काम करायचो. डोंगरातल्या वादीला, एरवी कोरड्या असणाऱ्या ओढ्याला, पूर आला, की खालच्या वस्तीत भोंगा वाजवायची प्रणाली आम्ही बनवत होतो. ती आधी चाचणी लिहायची, प्रणाली तिच्यात नापास व्हायची आणि पडद्यावर लाल पट्टी उमटायची. मग मी कोड लिहून ती हिरवी करायचो. यापूर्वी वीस वर्षं ती त्याच वादीच्या काठावर पाण्याची पातळी मोजत होती. तिची बहीण अजून खालच्या वस्तीत राहते. तिच्या चाचण्या महाखवचट असायच्या, मला त्यांचा जाम राग यायचा.

“डोंगरावरचा पाणीमापक गप्प बसला तर?” तिनं लिहिलं. लाल.

“गप्प कशाला बसेल? नवा कोरा आहे.”

“माझा नवरापण नवा कोरा होता, रकान. अरे, लोंढा आला की आधी मापकच वाहून जातो.”

तेवढ्यात आमचे साहेब फव्वाझ आले. “एका खुर्चीचं काम दोघं करताय? उम्म सारी, उद्यापासून तुम्ही तक्रारींच्या टेबलावर. रकान, परवा मंत्रालयाची माणसं येतायत. पडद्यावर लाल दिसता कामा नये.”

पर्स उचलताना ती मला एवढंच म्हणाली, “ती चाचणी बंद नको करूस.”

मी बंद केली. दोन दिवसांपुरतीच, असं स्वतःला बजावलं. पाहुणे खूश होऊन गेले. पुढे चाचण्या मीच लिहिल्या आणि मीच हिरव्या केल्या. ज्यांची उत्तरं येत होती, तेवढेच प्रश्न मी विचारले. ती एक तशीच बंद राहिली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी डोंगरावर आभाळ काळं झालं. उम्म सारीचा घरून फोन आला.

“वर पाणी किती?”

“शून्य. सगळं ठीक आहे.”

“आणि मघाशी?”

मी पाहिलं. “दहा मिनिटांपूर्वी... चाळीस सेंटिमीटर. भोंगा वाजायला कमी.”

“पाऊस पडतोय आणि पाणी उतरलं? रकान, पाणी नाहीये, की मापक नाहीये?”

मापकाकडून काहीच आलं नाही, की प्रणाली शून्य धरायची; तीच चाचणी मी बंद ठेवली होती. हातानं भोंगा सुरू करायचं बटण मी दाबलं, पुन्हा दाबलं. तो वाजला की नाही, हे इथून कळायची सोय नव्हती.

फोन चालू ठेवूनच तिनं दुसऱ्या फोनवरून बहिणीला लावला. पलीकडे घंटी वाजत होती, ती मला ऐकू येत होती. बराच वेळ वाजत राहिली. पडद्यावर सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या.