चहाआधीचा आकडा

मित्रांनो, मी प्रेशर मोजायची एक जुनी मशीन आहे, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटते. दिसायला मी ठीकठाक आहे. निळा पट्टा, रबरी नळी, सगळं जागच्या जागी. आजवर एकही आकडा मी चुकीचा दाखवलेला नाही. तरी माझ्यामुळे एका भल्या माणसाचं नुकसान झालं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे शेवटच्या टेबलावर एक चष्मेवाले साहेब आम्हाला स्वतःच्या दंडावर तपासून बघायचे. "ही खरं बोलते," असं म्हणून त्यांनी मला खोक्यात घातलं. त्या शाबासकीचा मला केवढा गर्व होता!

मला घरी आणलं सुतारकाकांच्या लेकीने. काका म्हणजे मापाचा पक्का माणूस. दाराची चौकट असो की साधं स्टूल, एक सूत इकडचं तिकडे नाही. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह होता. डॉक्टरीणबाईंनी लेकीला समजावलं होतं, की आता साखरेच्या जोडीला प्रेशरही आलंय आणि दोघं मिळून किडन्या पोखरतात. वरचा आकडा एकशे तीसच्या आत हवा. रोज सकाळी मोजा, फोटो पाठवा, त्यावरून गोळी ठरवू. लेक परगावी नोकरीला, म्हणून फोटो आधी तिला आणि तिच्याकडून डॉक्टरीणबाईंना, असं ठरलं. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस, ती उगाच जिवाला घोर लावून घेईल, असं काकांनी लेकीला बजावलं.

पहिल्या सकाळी काकांनी पट्टा बांधला. मी एकशे अडुसष्ट दाखवले. त्यांनी पुन्हा बांधला, मग तिसऱ्यांदा. मी काय करणार? आधी साखर, मग डोळे, आता हे. एवढा धडधाकट गडी, आणि आजारांची यादी लांबतच चाललेली, याचीच त्यांना लाज वाटत असावी. ते कोपऱ्यातल्या रंध्याकडे बघत बसले. मग त्यांनी काकूंना हाक मारली, "अगं, ये, तुझं बघू जरा." काकूंचा आकडा आला एकशे बावीस. काकांनी त्याचाच फोटो काढला.

मित्रांनो, तेव्हाच मी बंद पडायला हवं होतं. पण मी आठ महिने मुकाट्याने फुगत राहिले. मी फक्त आकडा दाखवते, हात कोणाचा ते माझं काम नाही, असं स्वतःला समजावून मी काखा वर केल्या. तिकडे आकडे छान दिसतात म्हणून सुरुवातीला दिलेली हलकी गोळीच चालू राहिली.

काकू मात्र खुशीत. ज्या माणसाने उभ्या संसारात कधी 'बरी आहेस का' म्हणून विचारलं नाही, तो रोज चहाआधी आपला हात हातात घेतो! त्या बाही वर करून आधीच तयार बसायच्या. शेजारणींना तर किती वेळा सांगून झालं असेल. ते ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण काकांचे पाय सुजू लागलेले मला दिसत होते. दिवसभर उभं राहून होतं, असं म्हणून ते चपलेचा पट्टा सैल करायचे.

मग लेक चार दिवस घरी आली. तुझे बाबा रोज माझं प्रेशर बघतात, असं काकूंनी तिला मोठ्या कौतुकाने सांगितलं. लेकीचा कप हातातच राहिला.

"तुझं? मग बाबांचं?"

"त्यांना कुठे प्रेशर आहे?"

लेकीने पट्टा काकांच्या दंडाला बांधला. एकशे शहाऐंशी. माझी काच तिथेच फुटली असती तर बरं, असं मला वाटलं. काकू आधी आकड्याकडे बघत राहिल्या, मग स्वतःच्या हाताकडे.

"मला वाटलं होतं, तुम्हाला माझी काळजी आहे," त्या म्हणाल्या.

काकांनी मान खाली घातली. "मापात खोटं केलं मी," एवढंच ते बोलले.

तपासणीत कळलं, की किडन्यांचं काम निम्म्यावर आलंय. गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. गोळ्या बदलल्या, ताटातलं मीठ कमी झालं. आता रोज काकूच त्यांच्या दंडाला पट्टा बांधायच्या आणि फोटो पाठवायच्या. स्वतःचा हात मात्र त्यांनी पुन्हा पुढे केला नाही.

महिनाभराने एका सकाळी मोजून झाल्यावर काका चाचरत म्हणाले, "आता तुझं बघू?"

"फोटो काढणार?"

"नाही. तुझं तुझ्यासाठी."

काकूंनी बाही वर केली. काकांनी पट्टा जपून बांधला.

मित्रांनो, मी खरं बोलते, पण कोणाविषयी बोलतेय ते मला सांगता येत नाही. तुमच्या घरी कोणाला मधुमेह असेल, तर आकडा किती आला एवढंच विचारून थांबू नका. जवळ जाऊन बसा, आणि पट्टा तुमच्या हाताने बांधा.