डाव्या शिरेचा जोर

वाचा बसून उजवा हात लुळा पडलेला माणूस पाव तासात उठून पुन्हा केळीच्या बागेत शिव्या घालू लागला, तर त्याला दवाखान्यात न्यायचं कसं? नवऱ्याला, आबासाहेबांना, सोलापूरच्या दवाखान्यात आणायला बजाबाईंना कडाक्याचं भांडावं लागलं.

डॉक्टर सिद्धेश्वरीबाईंनी त्यांच्या मानेला जेली लावून सोनोग्राफीचा दांडा आधी उजवीकडे टेकवला. मशीनमधून रक्ताचा आवाज आला, सुपात धान्य पाखडल्यासारखा संथ. डावीकडे टेकवला, तर खोलीभर सणसणाट.

आबासाहेबांचा चेहरा खुलला. उजनी धरणाच्या पाण्यावर उभा जन्म शेतीपंपाच्या मोटारी चालवलेला माणूस. मोटार कशी चाललीय हे ते बांधावरून आवाजानंच सांगत, आणि त्याचा तोराही मिरवत.

"ऐकलंस का? डावी बाजू कशी हाणतीया! बाई, त्या उजवीचं बघा, ती लई मेंगळट हाय."

"उलटं आहे काका. डावी शीर आतून चोंदलीय. वाट अरुंद झाली की रक्त जोरात पळतं, त्याचा हा आवाज. तिथला एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला तर मोठा झटका येईल. आजच भरती व्हा."

"उद्या केळीची काढणी हाय. सोमवारी येतो की."

मुलगा आदिनाथ जीपची किल्ली चाचपू लागला. बापापुढे त्याला कधी कंठ फुटलाय! बजाबाईंना मात्र लख्ख कळलं होतं. रोज अंगणात पाणी मारताना लांब जावं म्हणून त्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबत, तेव्हा पाणी अस्संच सणसणायचं. त्यांनी तोंड उघडलंही, पण चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं जिवावर आलं. घरी गेल्यावर दाखवू, असं मनाशी म्हणून त्यांनी पदर सावरला.

घरी पोचताच चपलाही न काढता त्यांनी नळ सोडला. "अवो, हिकडं बघा." अंगठा दाबताच पाणी सणसणत पेरूच्या झाडापर्यंत गेलं. "पाणी वाढलं का? न्हाय की. निस्ती वाट आवळली. तुमच्या मानंत ह्येच झालंय."

आबासाहेब पायरीवर बसून बघत राहिले. तोरा उतरला, आणि पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत भीती दिसली.

"व्हय गं," ते म्हणाले. "माज्या ध्यानातच आलं न्हाय. आदिनाथ, गाडी काढ. आत्ताच..."

पुढचा शब्द आला नाही. तोंडाची उजवी बाजू ओघळली आणि ते पायरीवरच कलंडले.

जीप पुन्हा सोलापूरच्या रस्त्याला लागली. नवऱ्याचं डोकं बजाबाईंच्या मांडीवर होतं. डाव्या हातानं आबासाहेबांनी त्यांचा पदर घट्ट धरला होता. सकाळीच त्या खोलीत, डॉक्टरांसमोर, आपण बोललो असतो तर हा माणूस ऐकणारा होता, हे आता बजाबाईंना कळलं होतं.

"पाइप नव्हता तितं," त्या नवऱ्याच्या केसांवरून हात फिरवत म्हणत राहिल्या, "पर मला तोंड हुतं की वो."