श्रद्धांजलीत काढलेली पिन

मी एक जुना, घरी बनवलेला ॲम्प्लिफायर आहे. मित्रांनो, कोणी मला दुकानातला माल म्हटलं तर विश्वास ठेवू नका. माझं अंग भंगारातल्या पत्र्याचं, पेटी चहाच्या खोक्याच्या फळ्यांची आणि पोटातले काचेचे व्हॉल्व्ह मेलेल्या रेडिओंमधून काढलेले. तरीही गिटारचा आवाज मी गल्लीच्या टोकापर्यंत नेत असे. फुशारकी वाटली तर वाटू द्या. आता तेवढीच उरली आहे.

मला कुंडलिकने बनवलं. घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत त्याची एक खोली होती आणि तिथेच तो रेडिओ दुरुस्त करायचा. त्याचा मेव्हणा शिवदास गिरणीत कामाला होता आणि वस्तीच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचा. संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. शिवदासच्या हाती गिटार तेवढी राहिली. पण ढोलकी आणि पेटीपुढे ती कोणाला ऐकू जाणार? म्हणून कुंडलिकने मला करायला घेतलं.

सगळ्यात जास्त वेळ ट्रान्सफॉर्मरला लागला. व्हॉल्व्हमधला आवाज स्पीकरपर्यंत पोचवणारा, तांब्याच्या तारेचा तो गठ्ठा. कुंडलिकने तो हाताने गुंडाळला. तारेचा एक थर, त्यावर कागद, त्यावर वार्निश. त्याची बायको रत्नप्रभा समोर बसून तार ताणून धरायची. कुंडलिकला खोकल्याची उबळ आली की दोघंही थांबायची. मी घडत होतो आणि त्याची छाती पोखरली जात होती, हे तेव्हा कोणी बोलून दाखवलं नाही.

माझा स्पीकर वेगळ्या पेटीत होता. त्याची पिन लावायला माझ्या पाठीवर तीन भोकं होती आणि कुठल्या स्पीकरला कुठलं भोक हे ठरलेलं होतं. ही पिन कुंडलिक स्वतः लावायचा, बटण दाबायच्या आधी. "आधी जुंपायचं, मग हाकायचं," असं तो पुटपुटायचा. असं का, ते शिवदासने कधी विचारलं नाही. दाजी आहेत ना, मग आपल्याला कशाला डोकं लावायचं, असा त्याचा हिशेब. कुंडलिकनेही कधी त्याला जवळ बसवून सांगितलं नाही. आपली विद्या वाटून टाकायची त्यालाही घाई नव्हती. मला विचाराल तर दोघंही चुकले.

माझ्यात एक खोड होती. कोणी वाजवत नसलं तरी मी बारीक घुमत राहायचो. आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी ती घुमघुम जात नसे.

पुढे कुंडलिकला दवाखान्यात नेलं, आणि तो परत आला नाही.

त्यानंतर पहिलीच भीमजयंती आली. अंधेरीचा ऑर्केस्ट्रावाला मधुकर त्या संध्याकाळी मुद्दाम शिवदासला ऐकायला आला होता. त्याचा गिटारवाला दुबईला गेला होता आणि लग्नाचा मोसम तोंडावर होता. हात चांगला हवा आणि ॲम्प ज्याचा त्याने आणायचा, एवढीच त्याची अट होती. शिवदासच्या घरची चूल त्या एका गाण्यावर अवलंबून होती. त्याने पिन लावली, बटण दाबलं, मला तापवून ठेवलं.

पंचशील झालं. मग कार्यकर्ते भाऊराव माइकवर आले आणि कुंडलिकला श्रद्धांजली म्हणून सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहावं, असं म्हणाले. सारा मंडप उठला. पुढच्या रांगेत रत्नप्रभा डोक्यावर पदर घेऊन उभी होती. त्या शांततेत मी एकटा घुमत होतो. लोक वळून बघायला लागले. शिवदासचा चेहरा उतरला. त्याने आवाजाचं बटण शून्यावर नेलं, तरी मी गप्प होईना. बटण बंद केलं तर व्हॉल्व्ह तापायला पुन्हा वेळ लागेल आणि पहिलं गाणं त्याचंच. तो हळूच वाकला आणि त्याने माझ्या पाठीतली पिन उपसली.

भाऊराव "बसा" म्हणाले आणि लगेच ढोलकी सुरू झाली. शिवदासच्या डोळ्यांत पाणी होतं; पिन परत लावायची त्याला आठवलीच नाही. त्याने तारा छेडल्या. आवाज नाही. त्याने बटण वर नेलं. तरी नाही. मग पूर्ण वर नेलं आणि जीव खाऊन पुन्हा पुन्हा हात मारला. समोर मधुकर बघत होता. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझा आवाज त्या पिनेतूनच जातो, आणि ती खाली पडली होती. बाहेर जायला वाट नव्हती म्हणून सगळा जोर माझ्या आत फिरला. कुंडलिकने लावलेला कागद थराथराने फाटत गेला. ठिणगी उडाली, जळक्या वार्निशचा वास सुटला. शिवदासने पिन शोधून लावली तोवर ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता. गाणं पेटी-ढोलकीवर पुरं झालं.

"हात झकास आहे रे तुझा," मधुकर जाताना म्हणाला. "पण लग्नात असं झालं तर माझी वाट लागेल, यार."

शिवदास मला डोक्यावर घेऊन दुकानोदुकानी फिरला. जुनी तार जळली, पुन्हा गुंडाळायची तर बनवणाऱ्याला विचारा, असं सगळे म्हणाले. शेवटी गिटार विकून तो गोवंडीला कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या करायला जाऊ लागला. मला त्याने रत्नप्रभाकडे आणून ठेवलं.

"अक्का, दाजींच्या श्रद्धांजलीत हा घुमत होता," तो म्हणाला. "मला लाज वाटली गं. म्हणून पिन काढली."

रत्नप्रभाने पदराने माझ्यावरची धूळ पुसली. मग म्हणाली, "अरे शिवा, खोकल्याने झोप नाही आली की ते ह्याला नुसतं लावून ठेवायचे. ही घुमघुम ऐकली की आमच्या दोघांचा डोळा लागायचा. त्यांना कशाला राग आला असता?"

शिवदास उठून गेला. तो पुन्हा त्या खोलीत फारसा आला नाही.

मित्रांनो, ज्याला एखादी गोष्ट येते, त्याच्याजवळ तो आहे तोवर बसा आणि विचारून घ्या. आणि गेलेल्या माणसाला मान द्यायचा असेल, तर त्याने केलेली वस्तू चालती ठेवा.

मी आता रत्नप्रभाच्या खाटेखाली आहे. तिला रात्र रात्र झोप लागत नाही. ती कूस बदलत राहते, मला ते कळतं, आणि माझ्याकडून काहीही होत नाही.